इनटेक मॅनिफोल्डवरची रिकामी भोकं: सीएनजी किट काढल्यावर ती नीट कशी बुजवायची

सीएनजी किट उतरवून गाडी पुन्हा निव्वळ पेट्रोलवर आणली की पुष्कळांची एकच तक्रार सुरू होते. गाडी स्लोला थरथरते, आरपीएम वर-खाली होतो, सिग्नलला उभी असताना बंद पडते किंवा उलट उगाचच बाराशे-पंधराशेवर चढून बसते. मग प्लग बदलले जातात, थ्रॉटल बॉडी धुतली जाते, इंजेक्टर साफ होतात आणि दुखणं तिथंच राहतं. जुना मेकॅनिक मात्र बॉनेट उघडून, कान लावून एवढंच म्हणतो, "गाडी एअर घेतेय."

हवा घुसते ती इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून नेणाऱ्या नळ्यांच्या भागावर, राहिलेल्या भोकांतून. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं) बसवताना प्रत्येक सिलिंडरच्या नळीला एक भोक पाडून त्यात पितळी नोझल आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या पेचावर, फिरवून बसवलेलं असतं. किट काढणारा रेल (गॅस इंजेक्टरांची पट्टी), रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), टाकी सगळं नेतो, पण नोझल तसंच ठेवून त्यावरचा रबरी पाइप दुमडतो आणि केबल टाय मारून मोकळा होतो. कुणी भोकात एम-सील कोंबतो, कुणी सिलिकॉन भरतो. दोन्ही गोष्टी काही दिवस चालतात आणि मग सुटतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: भोक कशासाठी होतं हे कळल्याशिवाय ते बुजवू नका आणि बुजवाल तेव्हा बूच आट्यांनी किंवा बोल्टनं धरलेलं असू द्या. चिकटवलेल्या बुचावर विसंबू नका. पुढे लिहिलेलं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे. उदाहरण सीएनजी किटचं घेतलं असलं, तरी एलपीजी किट, जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या आणि बदललेली मॅनिफोल्ड यांनाही हीच पद्धत लागू पडते.

एवढ्याशा भोकानं एवढं का बिघडतं

इंजिन आयडलिंगला, म्हणजे स्लोला, असताना थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डच्या आत निर्वात (व्हॅक्यूम) तयार होतो. समुद्रसपाटीला धडधाकट पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम गेज साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतो. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश. दाबात एवढी तफावत असली की भोकातून जाणारी हवा ध्वनीच्या वेगापर्यंत पोचते. हिशेब केला तर ४ मिलिमीटर व्यासाच्या एका उघड्या भोकातून सेकंदाला दोन ग्रॅमच्या आसपास हवा आत जाते. एक लिटरच्या इंजिनाला आयडलिंगला लागते तीही साधारण तेवढीच. म्हणजे एकच नोझल पूर्ण उघडं राहिलं, तर इंजिनाला थ्रॉटलची गरजच उरत नाही. अर्धवट सुटलेलं बूच याच्या दहावा हिस्सा हवा घेत असलं, तरी आयडलिंग बिघडायला तेवढं पुरतं.

लक्षणं गाडीप्रमाणे बदलतात आणि इथंच निदान चुकतं. येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत घुसलेली हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, गाडी मिस मारते आणि पी-०१७१ हा पातळ मिश्रणाचा बिघाड-कोड येऊ शकतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या मात्र मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. जादा हवा आली की दाब वाढतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्याप्रमाणे पेट्रोलही वाढवतो आणि आयडलिंग चढतं. आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारी झडप) बंद करून ईसीयू ते खाली आणायला बघतो, मग आरपीएम वर-खाली होत राहतो. इथं मिश्रण पातळ असल्याचा कोड येईलच असं नाही. पी-०५०७ म्हणजे आयडलिंग जास्त असल्याचा कोड येण्याची शक्यता अधिक. कोड आलाच नाही, तरी त्यावरून मॅनिफोल्ड ठीक आहे असं समजू नका.

गळती एकाच सिलिंडरच्या नळीवर असेल तर त्या सिलिंडरला जास्त हवा मिळते आणि बाकीच्यांना ठरलेली. ऑक्सिजन सेन्सर सगळ्यांची सरासरी पाहतो, त्यामुळे तो एक सिलिंडर पातळ आणि बाकीचे किंचित जाड जळत राहतात. अशी गाडी महिनोन्महिने चालवली की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) मरतो. त्याच्या किमतीपुढे चार बोल्टांचा खर्च काहीच नाही.

आधी ओळखा: हे भोक कशाचं?

मॅनिफोल्ड पुसून कोरडा करा. टॉर्च आणि लहान आरसा घ्या, मोबाइलनं सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग दिसेल त्या प्रत्येक पाइपचं दुसरं टोक कुठं जातं ते बोटानं माग काढत बघा. नुसत्या नजरेनं ठरवू नका. बॉनेटखाली एकाच जाडीचे तीन काळे पाइप तीन वेगळ्या कामांचे असतात.

सिक्वेन्शियल किटची नोझल ओळखायला सोपी. ती सिलिंडर हेडजवळ, प्रत्येक नळीवर एकेक आणि तिरपी असतात. पितळी, वरून पाइप चढवायला खाचा असलेली, बुडाशी षटकोन. चार सिलिंडरच्या गाडीत ती चार असतात आणि पुष्कळदा पाचवंही असतं. हे पाचवं नेमकं विसरलं जातं. रिड्यूसरला आणि किटच्या मॅप सेन्सरला व्हॅक्यूम देण्यासाठी मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीत वेगळं भोक पाडलेलं असतं, नाहीतर मूळ पाइप कापून मध्ये प्लॅस्टिकचा टी घातलेला असतो. टी असेल तर त्याला टोपी लावू नका. टी काढून टाका आणि मूळ पाइप नवा, अखंड घाला.

आता जे कधीच बुजवायचं नाही ते.

ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणाऱ्या भागाचा) पाइप. तो जाड असतो आणि त्यात एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. तो बंद केला तर ब्रेक लागतात, पण पाय अंगातली सगळी ताकद लावून दाबावा लागतो; घाटात अशा गाडीत बसूच नये. पीसीव्ही व्हॉल्व्हचा पाइपही सोडायचा नाही. क्रॅंककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातली) वाफ त्यातून बाहेर पडते. तो बुजवला की दाब वाढतो आणि ऑइल सील गळायला लागतात. मॅप सेन्सरची वाट, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम, चारकोल कॅनिस्टरचा पर्ज पाइप (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात आणणारा) आणि ईजीआर (जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात नेणारी वाट) हे सगळं कामाचं असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स (स्पार्कची वेळ पुढे-मागे करणारा) आणि एसी लावल्यावर आयडलिंग वाढवणारा पाइप यांचीही यात भर पडते.

आणखी एक इशारा. मॅनिफोल्डवरचं प्रत्येक भोक हवेचं नसतं. मारुती जिप्सीच्या जी-१३ इंजिनात थर्मोस्टॅट मॅनिफोल्डवरच बसतो आणि मॅनिफोल्डमधून कूलंट वाहतं. तिथलं एखादं निप्पल (पाइप चढवायचं छोटं नळीचं टोक) म्हणजे पाण्याची वाट असू शकते. इंजिन थंड असताना पाइप ढिला करा: हिरवं किंवा लाल पाणी आलं तर ती कूलंटची वाट आहे आणि तिचं बूच वेगळ्या विचारानं निवडावं लागतं. ते गरम पाणी आणि दाब दोन्ही सहन करणारं असावं लागतं.

हात लावण्यापूर्वी

टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि पुढे येणारी स्टीलची नळी यांना घरी हात लावायचा नाही. सीएनजी २०० बारच्या दाबानं भरलेला असतो. किट उतरवण्याचं काम अधिकृत रेट्रोफिटमेंट सेंटरकडूनच करून घ्या. आपलं काम त्यानंतर सुरू होतं. पेट्रोल इंजेक्टरच्या कापलेल्या वायरी नीट सोल्डर करून जोडल्या आहेत ना, हेही त्याच सेंटरकडून बघून घ्या. ढिली वायर आणि हवेची गळती यांची लक्षणं सारखीच दिसतात आणि नंतर दोष कुणाचा ते कळत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीचं ऋण टोक काढा. भोकांच्या भोवती ब्रश मारून आणि हवा मारून सगळी धूळ आधी काढा. नोझल निघाल्यावर त्या जागेतून पडलेला खडा सरळ इनटेक व्हॉल्व्हवर जातो.

जवळ असावं ते असं: पान्यांचा संच, ॲलन की, व्हर्नियर (बारीक मापं मोजायचं), ६ मिलिमीटरचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), पितळी तारेचा बारीक ब्रश, कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे), ॲनारोबिक थ्रेड सीलंट (हवा न मिळता आट्यांमध्ये घट्ट होणारा), कॉपर वॉशर, जॉइंटिंग शीट (पॅकिंग कापायचा जाड पुठ्ठा) आणि चांगल्या प्रतीच्या व्हॅक्यूम टोप्या. टेफ्लॉन टेप इथं नको. आटे फिरवताना तिचे धागे तुटून आत जातात आणि एखादा धागा आयडल व्हॉल्व्हमध्ये अडकला की नवं दुखणं सुरू होतं.

गॅस नोझलची भोकं: ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड

किट बसवणारे बहुधा ५ मिलिमीटरचं ड्रिल मारून ६ मिलिमीटरचा, १ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) टॅप फिरवतात. नोझल त्यातच फिरवून बसवलेलं असतं. हे आटे चांगले असतील तर काम मॅनिफोल्ड न काढताही होतं. तरी माझं मत विचाराल तर मॅनिफोल्ड उतरवा. जागा दिसते, आतून बघता येतं, कचरा आत पडण्याची भीती राहत नाही. पॅकिंग नवं घालावं लागेल, पण ते जुन्या गाडीत बदलून घेणं चांगलंच.

मॅनिफोल्ड न काढता करणार असाल तर एक वेळी एकच नोझल काढा, बूच बसवा, मग दुसऱ्याकडे वळा. चारही भोकं एकदम उघडी टाकू नका.

नोझल सैल करताना पाना षटकोनावर पूर्ण बसवा आणि आधी पाव फेरा घट्ट बाजूला, मग उलटा, असं हलकं हलवा. जुना सीलंट कडकन सुटतो. निघालेल्या नोझलकडे नीट बघा. आट्यांवर लाल किंवा पांढरा थर असतो आणि टोकाला काळं तेलकट किटण. नोझल आत किती शिरलं होतं हे त्या किटणाच्या रेघेवरून कळतं. रेघेपासून वरच्या षटकोनापर्यंतची लांबी व्हर्नियरनं मोजा. तीच भिंतीची जाडी आणि तुमच्या बुचाची जास्तीत जास्त लांबी. बूच त्याहून लांब असलं तर आत टोक निघून हवेच्या वाटेत उभं राहील.

बूच म्हणून डोकं असलेला बोल्ट घ्या. डोकं नसलेला ग्रब स्क्रू दिसायला सुबक असतो, आतून-बाहेरून सपाट बसतो आणि बरेच टर्नर तोच सुचवतात. मी तो टाळतो, कारण तो ढिला झाला तर आत सरकू शकतो आणि आत सरकलेला स्क्रू व्हॉल्व्हखाली गेला की इंजिन गेलं. डोक्याचा बोल्ट कितीही ढिला झाला तरी आत जाऊच शकत नाही. फार तर गाडी एअर घेईल आणि तुम्हाला कळेल.

यात एक अडचण येते. नळी गोल आणि भोक तिरपं, म्हणून बोल्टचं डोकं एका बाजूनं टेकतं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. कॉपर वॉशर घालून पाना कितीही ओढला तरी ही फट बुजत नाही. उलट ॲल्युमिनियमचे आटे फाटतात. मॅनिफोल्ड काढलेला असेल तर टर्नरकडून भोकाच्या तोंडाशी बोल्टच्या रेषेला काटकोनात छोटी सपाट बैठक करून घ्या. मग कॉपर वॉशर खरा काम करतो. बैठक करणं शक्य नसेल तर सील आट्यांवरच करायचं. त्यासाठी आटे कोरडे आणि तेलमुक्त हवेत.

तर क्रम असा. टॅपच्या खाचांमध्ये ग्रीस भरा आणि तो हातानं हळू फिरवून जुना सीलंट काढा. चुरा ग्रीसला चिकटून टॅपबरोबर बाहेर येतो. मॅनिफोल्ड गाडीवरच असेल तर टॅप अर्धा फेरा फिरवला की बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस भरा. मग कापडाच्या टोकाला क्लीनर लावून आटे पुसा. स्प्रे थेट भोकात मारू नका. बोल्टही धुऊन वाळवा. बोल्टच्या टोकाचे पहिले एक-दोन आटे कोरडे ठेवून बाकीच्या आट्यांवर सगळीकडून ॲनारोबिक सीलंट लावा. टोकाला लावलेला सीलंट आत ढकलला जातो, म्हणून ती जागा सोडायची. बोल्ट बोटानं बसेल तेवढा बसवा, मग छोट्या पान्यानं घट्ट करा. ॲल्युमिनियममध्ये ६ मिलिमीटरच्या बुचाला ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरे. लांब रॅचेट या कामाला वापरू नका. हाताला अंदाजच येत नाही. ॲल्युमिनियमवर हा सीलंट सावकाश पकडतो. गाडी २४ तास उभी ठेवता आली तर उत्तम.

बोल्ट कशाचा असावा? जस्ताचा मुलामा दिलेला स्टीलचा चालतो. ॲल्युमिनियमचं बूच टर्नरकडून करून मिळालं तर सर्वांत चांगलं, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुपटीनं प्रसरण पावतं आणि एकाच धातूचे दोन भाग बरोबरीनं फुगतात-आकसतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी असलं काम लेथवर हातासरशी होतं. कोकणात आणि गोव्यात पितळेचं बूच घालणार असाल तर आट्यांवर कुठंही सीलंट कमी पडू देऊ नका. खाऱ्या दमट हवेत पितळ आणि ॲल्युमिनियम थेट भिडले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजत जातं.

आटे आधीच गेलेले असतील तर ६.८ मिलिमीटरचं ड्रिल मारून ८ मिलिमीटरचा टॅप करता येतो, किंवा हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवता येतं. दोन्हीसाठी मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवलाच पाहिजे. ड्रिलची चुरी नळीत राहिली तर ती सिलिंडरमध्येच जाणार आहे, त्यामुळे इथं तडजोड नको. काम झाल्यावर मॅनिफोल्ड रॉकेल किंवा डिझेलनं आतून धुवा, हवा मारा, पांढरं फडकं आतून फिरवा आणि फडक्यावर चमचम दिसायची थांबेपर्यंत पुन्हा धुवा.

गाडी पुन्हा कधीच गॅसवर न्यायची नसेल आणि भोकाभोवती तडा दिसत असेल तर आर्गन वेल्डिंग हा चांगला पर्याय आहे. वेल्डिंगनंतर मॅनिफोल्डची सिलिंडर हेडला टेकणारी बाजू सरळ पट्टी लावून तपासा. उष्णतेनं ती वाकली असेल तर फेसिंग करून (मशीनवर सपाट करून) घ्या, नाहीतर चार भोकं बुजवून पाचवी गळती पॅकिंगपाशी तयार होते.

मॅनिफोल्ड परत बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड

नव्या बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. नायलॉनला इपॉक्सी नीट पकडत नाही, त्यामुळे एम-सीलसारखी लुगदी इथं आणखीच निरुपयोगी. निमुळतं बूच घातलं तर ते पाचरीसारखं भोक फाडतं. आटे शाबूत असतील तर डोक्याखाली ओ-रिंग बसवलेला बोल्ट घ्या, ओ-रिंग व्हिटनची (पेट्रोल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराची) घ्या आणि ती थोडी दबेल एवढंच आवळा. थ्रेड सीलंटच्या डब्यावर प्लॅस्टिकसाठी चालतो असं लिहिलेलं नसेल तर तो वापरू नका. काही प्लॅस्टिकना ॲनारोबिक सीलंटनं बारीक तडे जातात.

आटे गेले असतील किंवा भोकापासून केसाएवढाही तडा निघालेला असेल तर मॅनिफोल्डच बदला. गॅसवर बॅकफायर झालेल्या गाडीत असा तडा असण्याची शक्यता जास्त असते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथं जुना, पण भोकं न पाडलेला मॅनिफोल्ड मिळू शकतो. घेताना उजेडासमोर धरून प्रत्येक नळी आतून बघा आणि आपल्या मॅनिफोल्डवरची निप्पल त्यावर त्याच जागी आहेत का ते ताडून घ्या.

निप्पलच्या टोप्या

कायमचा बंद करायचा व्हॅक्यूम निप्पल असेल तर रबरी टोपी ही सर्वांत सोपी सोय, पण बाजारात मिळणाऱ्या साध्या टोप्या ईपीडीएम रबराच्या असतात आणि त्यांना पेट्रोलची वाफ व तेल सोसत नाही. त्या आधी फुगतात, मग बुडाशी चिरतात. सिलिकॉनची टोपी उष्णतेला छान, पेट्रोलच्या वाफेला कमजोर. नायट्राइल चालेल, व्हिटन उत्तम. टोपी निप्पलवर ओढून-ताणून चढवावी लागली तर ती लहान आहे. सहज फिरत असेल तर मोठी. बुडाशी छोटी क्लिप हवीच. टर्बो गाडीत तर क्लिपशिवाय टोपी लावूच नका, कारण तिथं व्हॅक्यूमबरोबर आतून बाहेर ढकलणारा दाबही येतो.

निप्पल आट्यांचं असेल तर टोपीच्या नादी न लागता निप्पल काढून तिथं आट्यांचं बूच घाला. इथं आट्यांची जात तपासा. एक अष्टमांश इंचाचा बीएसपी, तेवढाच एनपीटी आणि १० मिलिमीटर बाय १ हे तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. बीएसपीला इंचात २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन, एनपीटीला २७ आटे आणि ६० अंश. चुकीचं बूच दोन-तीन फेरे छान जातं, मग अडतं, आणि अडल्यावर जोर लावला की मॅनिफोल्डची कड फुटते. पिच गेज लावा; नसेल तर काढलेलं निप्पल दुकानात घेऊन जा आणि त्याच्या जोडीचं बूच मागा.

चपटी तोंडं आणि ब्लँकिंग प्लेट

दोन बोल्टांचं चपटं तोंड बंद करायचं असेल, म्हणजे दुसऱ्या मॉडेलचा मॅनिफोल्ड बसवल्यावर न लागणारी एखादी जागा, तर पत्र्याचा तुकडा कापून लावू नका. पातळ पत्रा बोल्टपाशी दबतो आणि मधे उचलला जातो. ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट किंवा निदान ३ मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट घ्या. तोंडाला स्टँप पॅडची शाई लावून त्यावर जाड कागद दाबा, आकार उमटतो. तो कागद कापून प्लेटवर चिकटवा, बोल्टची भोकं आधी ड्रिल करा आणि मग बाहेरची कड करवतीनं आणि कानशीनं सारखी करा. भोकं शेवटी पाडली तर हमखास सरकतात.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून प्लेटची टेकणारी बाजू आठच्या आकड्यात घासा, सगळीकडे एकसारखी घासट दिसेपर्यंत. पॅकिंग ०.८ मिलिमीटरच्या जॉइंटिंग शीटचं कापा. सिलिकॉन सीलंटनं पॅकिंगची जागा भरून काढू नका; पेट्रोलच्या वाफेत ते मऊ पडतं आणि त्याचे लोंबलेले तुकडे आत ओढले जातात.

तपासणी

इंजिन चालू करून आवाज ऐकणं ही सुरुवात. त्यानंतर पाण्याची फवारणी: साध्या बाटलीनं प्रत्येक बुचावर बारीक फवारा मारा आणि आयडलिंगमध्ये फरक पडतो का बघा. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर भोक बुजतं आणि आरपीएम बदलतो. कार्ब क्लीनर मारून बघायची पद्धत जास्त स्पष्ट उत्तर देते, पण ते पेट घेतं. तापलेल्या एक्झॉस्टजवळ आणि जुन्या स्पार्क वायरीजवळ ते मारू नका, अग्निशामक हाताशी असल्याशिवाय तर नाहीच.

व्हॅक्यूम गेज लावा. काटा स्थिर आणि आकडा योग्य असला तर बरंच काम झालं. योग्य आकडा गावाप्रमाणे बदलतो हे लक्षात ठेवा: उंची दर ३०० मीटरनं वाढली की गेज साधारण एक इंच कमी दाखवतो. मुंबईत १९ इंच दाखवणारं इंजिन पुण्यात १७ च्या आसपास आणि महाबळेश्वरात साडेचौदा दाखवेल. त्यात इंजिनाचा काही दोष नाही.

ओबीडी सॉकेट (ईसीयूची माहिती वाचायची जागा) असलेल्या गाडीत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. इंजिन गरम, एसी बंद, सगळे दिवे बंद. आयडलिंगला मॅनिफोल्डचा दाब ३० ते ४० किलोपास्कल असावा. ४५-५० च्या वर असेल तर हवा अजून कुठून तरी येते आहे. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा) आयडलिंगला आणि मग २,५०० आरपीएमला वाचा. आयडलिंगला अधिक १५ टक्के आणि २,५०० ला अधिक ३-४ टक्के असा फरक दिसला तर गळती मॅनिफोल्डवरच आहे, कारण थ्रॉटल उघडला की घुसणाऱ्या हवेचं प्रमाण एकूण हवेत नगण्य होतं. दोन्हीकडे सारखाच जास्त आकडा असेल तर पेट्रोलच्या बाजूला बघा: पंप, फिल्टर, इंजेक्टर.

एवढं करूनही शंका राहिली तर स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये अगदी कमी दाबानं धूर सोडतात आणि तो नेमका कुठून बाहेर येतो ते दिसतं. मशीन नसलेल्या गॅरेजमध्ये काढलेल्या मॅनिफोल्डची तोंडं रबर आणि प्लेटनं बंद करून २-३ पीएसआय हवा भरतात आणि साबणाचं पाणी लावतात. टायरच्या दुकानातला दाब सरळ लावू नका. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड त्यानं फुटू शकतो.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. मॅनिफोल्डवर सर्वांत जास्त ओढ येते ती आयडलिंगला नव्हे, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरमध्ये उतारावर असताना. खंडाळ्याचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरून आल्यावर लगेच आयडलिंग ऐका. मग गाडी अर्धा तास बंद ठेवा. बॉनेटखालची उष्णता या वेळात सर्वांत जास्त चढते आणि मऊ रबर तेव्हाच सैल पडतं. पुन्हा चालू केल्यावर आयडलिंग तसंच असेल तर बुचं धरली आहेत.

बॅटरी काढल्यामुळे ईसीयूची शिकलेली आयडल सेटिंग पुसली गेलेली असते. पहिले काही किलोमीटर गाडी थोडी वेगळी वागेल. तेवढ्यावरून घाबरून थ्रॉटलचा स्क्रू फिरवू नका.

कागद आणि पुढची देखभाल

गॅस किट काढणं म्हणजे गाडीत बदल करणं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचं इंधन बदलून घ्यावं लागतं. आरटीओकडे नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. पीयूसी नव्यानं काढा. त्याच्या कागदावरचा सीओ आणि हायड्रोकार्बनचा आकडा किट काढण्यापूर्वीच्या पेट्रोलवरच्या आकड्याशी ताडून पाहिला तर मिश्रण कसं जळतंय याची आणखी एक खूण मिळते.

बोल्टची बुचं ५०० किलोमीटरनंतर एकदा हात लावून बघा, पुन्हा आवळू नका; सीलंट पकडल्यावर आवळलं तर सील तुटतं. ढिलं सापडलं तर पूर्ण काढून, साफ करून नव्या सीलंटनं बसवा. रबरी टोप्या दर सर्व्हिसिंगला बोटानं वाकवून बुडाशी चीर आहे का बघा आणि दोन वर्षांनी त्या चांगल्या दिसत असल्या तरी बदला. जॉब कार्डवर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा: कुठली किती भोकं, कोणत्या मापाच्या बोल्टनं आणि कधी बुजवली. पुढचा मेकॅनिक ते बोल्ट सेन्सरचे समजून उघडणार नाही आणि गाडी विकलीत तर नव्या मालकालाही ती नोंद मिळेल.